जुन्या विटांच्या दरजा आणि एनएचएल ३.५ चुन्याची गोणी : कुठे वापरावी, कुठे नाही

जुन्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरायला बाजारात जे तयार सामान मिळतं त्यात एनएचएल ३.५ या पाण्याने घट्ट होणाऱ्या चुन्याची गोणी सगळ्यात भरवशाची आहे. मात्र ती सरसकट प्रत्येक भिंतीला लावू नये. पश्चिमेचा पाऊस थेट झेलणारी भिंत, गच्चीचा कठडा, जोत्यालगतचे चार-पाच थर इथे ती जरूर घ्यावी. चौकातल्या, वळचणीखालच्या, मऊ हातविटांच्या भिंतीला विरवलेला (पाण्यात भिजवून मुरवलेला) चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) यांचाच माल, म्हणजे कालवलेलं मिश्रण, बरा. कोणतीही गोणी आणली तरी दरज नीट उकरली नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत माल पट्टीसारखा सुटून खाली येतो. म्हणून इथे गोणीइतकंच दरजेबद्दलही लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. जुनी वीट चुन्यात बसवलेली असेल तर तिच्या दरजेत सिमेंट घालायचं नाही. पुण्या-नाशिकच्या, वाई-साताऱ्याच्या जुन्या घरांत जिथे ‘दुरुस्ती’ म्हणून सिमेंटने दरजा भरल्या आहेत तिथे भिंत जवळून पाहा. सिमेंटची करडी जाळी जशीच्या तशी उभी असते आणि मधली वीट बोटाच्या पेराएवढी आत गेलेली असते. हात फिरवला की लाल भुकटी लागते. भिंतीत ओल शिरतेच, ती कुठून तरी बाहेर पडणार. चुन्याची दरज सच्छिद्र असते, त्यामुळे ओल आणि तिच्याबरोबरचे क्षार दरजेतून बाहेर येतात आणि झीज दरजेची होते. सिमेंटची दरज ती वाट बंद करते. मग पाणी विटेतून बाहेर पडतं, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाच्या आत वाढतात आणि विटेचे पोपडे सुटतात. दरज पुन्हा भरता येते, झिजलेली वीट परत आणता येत नाही. माल नेहमी विटेपेक्षा मऊ हवा, या कामातला हा सगळ्यात मोठा नियम.

आता गोणीकडे वळू. एनएचएल म्हणजे नैसर्गिक जलीय चुना. मातीचा अंश असलेली चुनखडी भाजली की चुन्याबरोबर सिलिकेटंही तयार होतात आणि असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड न मिळताही, पाण्याच्या संगतीने घट्ट होऊ लागतो. युरोपच्या ईएन ४५९ मानकात याचे तीन प्रकार आहेत : २, ३.५ आणि ५. हे आकडे २८ दिवसांनंतरच्या किमान दाबशक्तीचे, म्हणजे मेगापास्कलचे. ३.५ची शक्ती त्या मुदतीत ३.५ ते १० या दरम्यान असायला हवी, ५ची ५ ते १५. या पट्ट्या एकमेकींवर चढतात हे ध्यानात घ्या. एका कारखान्याचा ३.५ दुसऱ्याच्या ५इतका कडक निघू शकतो. शिवाय २८ दिवसांनी घट्ट होणं थांबत नाही, पुढे वर्षभर शक्ती वाढत राहते. मऊ विटांच्या बाबतीत काळजी घ्यायची ती यासाठी.

हा चुना बाहेरून येतो म्हणून आपल्या भिंतींना परका ठरत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत मिळणारे चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, भाजून इथले जुने चुने होत. त्या खड्यांत माती मुळातच मिसळलेली असते, त्यामुळे तो चुनाही कमी-अधिक जलीयच होता. भारतीय मानक आयएस ७१२मध्ये चुन्याचे ए ते एफ असे वर्ग आहेत. त्यात ए अतिशय जलीय, बी मध्यम जलीय, सी म्हणजे शुद्ध किंवा चरबट चुना आणि ई हा वर्ग खास कंकर चुन्याचा. कोकण-गोव्यात मात्र शिंपल्यांचा चुना वापरला जाई. तो जवळजवळ शुद्ध, म्हणजे स्वतःहून पाण्यात घट्ट न होणारा. त्यामुळे घाटावरच्या विटांच्या भिंतीला जो माल शोभतो तोच किनारपट्टीच्या भिंतीला आंधळेपणाने लावू नये.

गोणी घेताना आधी अक्षरं वाचा. ‘एनएचएल’ पाहिजे. नुसतं ‘एचएल’ (जलीय चुना) लिहिलेलं असेल तर ती गोणी परत द्या, कारण त्या वर्गात सिमेंट मिसळायला परवानगी आहे आणि काय मिसळलं ते सांगायचं बंधन नाही. ‘एफएल’ (इतर घटक मिसळून केलेला चुना) असेल तर घटकांची यादी द्यावी लागते, ती मागून घ्या. ‘लाइम मॉर्टर’ म्हणून मिळणाऱ्या तयार कोरड्या मालाच्या गोण्यांवर घटकच छापलेले नसतील तर त्या जुन्या भिंतीला वापरू नयेत. रंगावरूनही अंदाज येतो. एनएचएल मळकट पांढरा ते फिकट बदामी असतो. पाणी घालून केलेली वडी काही तासांतच करडी आणि दगडासारखी झाली, तर आत सिमेंट आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी परीक्षा आयएस १६२४मधली आहे आणि ती परांचीवर बसूनही करता येते. चुना घट्ट मळून साधारण ५० मिलिमीटरचे गोळे करा, सहा तास न हलवता ठेवा, मग पाण्याच्या बादलीत सोडा. काही मिनिटांतच फुगून विरघळायला लागला तर तो चरबट चुना. थोडा फुगून भेगाळला तर मध्यम जलीय. काहीच झालं नाही तर पूर्ण जलीय. जुन्या साठ्यातली गोणी तपासायलाही ही पद्धत कामाची, कारण दमटपणात पडून राहिलेल्या चुन्याची ताकद गेलेली असते. न फोडलेली गोणी कोरड्या जागी साधारण वर्षभर टिकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोडलेली गोणी मात्र महिनाभरही तशीच ठेवू नये. आत खडे झालेले दिसले तर चाळून वापरायचा मोह टाळा.

किती लागेल? इथे बहुतेक ठिकाणी हिशोब चुकतो. सिमेंटची ५० किलोची गोणी ३५ लिटर भरते, ही सवय हाताला असते. चुना त्याच्या निम्म्याहून हलका. एनएचएल ३.५ची २५ किलोची गोणीच ३८-४० लिटर भरते. गोणीला गोणी धरून वाळू टाकली तर माल कुठच्या कुठे जातो. आमचा आग्रह : वजनाचा नाद सोडा, एकाच बादलीने चुना आणि वाळू दोन्ही मोजा. दरजांसाठी १ भाग चुना आणि २.५ भाग वाळू हे प्रमाण ठीक. म्हणजे एका गोणीला ९५ ते १०० लिटर वाळू.

नेहमीची नऊ इंची वीट, १० मिलिमीटरची दरज, २५ मिलिमीटर खोली असं धरलं तर एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, सुमारे ४० लिटर माल दरजांत जातो. सांडलवंड धरून ५० लिटर धरा. म्हणजे ब्रासला अर्धी गोणी. पेशवाईतल्या पातळ विटांच्या भिंतीत थर जास्त आणि दरजा रुंद असतात, तिथे हाच आकडा दीडपट होतो. गोणीचा भाव सिमेंटच्या कित्येक पट असतो हे खरं, पण ब्रासला अर्धीच लागते. खरा पैसा उकरण्याच्या मजुरीत जातो. म्हणून स्वस्त माल वापरून बचत करण्यात काही अर्थ नाही.

वाळूवर दोन शब्द जास्त लिहावेत असं वाटतं, कारण दरज तीन-चतुर्थांश वाळूचीच असते. खाडीची किंवा समुद्राची वाळू चालत नाही, त्यातलं मीठ पुढे भिंतीत खार फुटवतं. नदीची वाळू आता दुर्मीळ, त्यामुळे दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू येते. ती धुतलेली असेल तरच घ्या, कारण तिच्यातली दगडाची पूड पाणी जास्त पितं आणि माल आकसतो. सगळ्यात मोठा कण दरजेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नको. म्हणजे १० मिलिमीटरच्या दरजेला ३ मिलिमीटरची चाळण. नुसती बारीक, गिलाव्याची वाळू घेतली तर भेगा ठरलेल्या. जाड-मध्यम-बारीक असं मिश्रण हवं. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड दिसला तर वाळू धुवा.

आणखी एक मोजणी. कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेल्या एक लिटरच्या भांड्यात पाणी ओतत जा, वर दिसेपर्यंत. जेवढं पाणी मावलं तेवढी मोकळी जागा चुन्याने भरायची असते. ३३० मिलिलिटर मावलं तर एकास तीन पुरतं, ४०० मावलं तर एकास अडीच लागतं. वाळू ओली असेल तर २०–३० टक्के फुगलेली असते. त्या ओल्या वाळूने माप घेतलं तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते, चुना जास्त होतो आणि मग भेगा पडल्या की दोष चुन्याला दिला जातो.

भिंतीवर हात टाकण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा. फुटलेली पन्हळ, तुंबलेलं नाळकं, जोत्याला लागलेला सिमेंटचा गिलावा, भिंतीला टेकलेली मातीची भर, हे आधी दुरुस्त करा. पिंपळाचं रोप असेल तर ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंध्याशी कापून मूळ मारावं आणि ते सुकल्यावरच तिथली दरज उघडावी. खार फुटलेला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून खालीच गोळा करा. पाण्याने धुतला तर तेच क्षार पुन्हा आत जातात. शहरात वारसा यादीतली वास्तू असेल तर दुरुस्तीआधी परवानगी लागते का ते विचारून घ्या. मुंबईत १९९५पासून यासाठी स्वतंत्र नियमावली आहे.

मग जुन्या मालाची ओळख करून घ्या. नखाने, नाहीतर खिळ्याने, नंतर पुन्हा न भरलेल्या एका कोपऱ्यात खरवडा. चुन्याचा माल खिळ्याने पिठासारखा निघतो, सिमेंटवर नुसता ओरखडा उठतो. एक खडा तासभर पातळ आम्लात ठेवला की चुना विरघळतो आणि तळाशी जुन्या गवंड्याने वापरलेली वाळू राहते. तिच्यासारखीच वाळू शोधा, रंग आपोआप जुळेल. किनारपट्टीवर वाळूतच शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही विरघळतात, त्यामुळे तिथे ही युक्ती फसवी. आम्ल घालताना हातमोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. याच वेळी आणखी एक बघा : पुढच्या इंचभर चुन्याच्या मागे मातीचा माल तर नाही ना? बऱ्याच वाड्यांत विटा मातीत बसवून फक्त दर्शनी दरजा चुन्याने भरलेल्या असतात. अशा भिंतीत जोराच्या पाण्याचा फवारा मारला तर आतली माती वाहून जाते आणि वीट हलू लागते.

आता उकरणं. खोली दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट हवी. १० मिलिमीटरच्या दरजेला २५ मिलिमीटर. तेवढ्यात माल भुसभुशीत लागला तर धड भाग लागेपर्यंत आत जा. २५ मिलिमीटरच्या आतच थांबायचं असं नाही आणि ५ मिलिमीटर खरवडून वर लेप द्यायचा असं तर अजिबात नाही. दरजेचा तळ चौकोनी हवा. पाचरीसारखा निमुळता राहिला की नवा माल पुढे जाड, मागे पातळ बसतो, कडेला धरतच नाही. हत्यार म्हणजे दरजेहून अरुंद पात्याची छिन्नी आणि अर्धा ते एक किलोची हातोडी. छिन्नी दरजेच्या मधोमध धरून माल आधी फोडायचा, मग कडेचा भाग विटेपासून आत ओढत काढायचा. विटेच्या कडेवर पाचर घालून उचलायचं नाही. कड तुटली की दरज कायमची रुंद झाली.

ग्राइंडर वापरावा का, यावर आमचं मत स्पष्ट आहे. चुन्याच्या दरजेला लागत नाही. सिमेंटने भरलेल्या दरजेला आडव्या ओळीत, मधोमध एकच पातळ काप द्यायला हरकत नाही, पुढचं काम छिन्नीने. उभ्या दरजांना चक्र लावूच नये, कारण चक्र गोल असतं, उभी दरज विटेच्या उंचीएवढीच. वरच्या आणि खालच्या विटेत काप जाणारच. ठेकेदाराने काम लवकर उरकलं म्हणून आनंद होतो, पण तशा भिंतीवर प्रत्येक उभ्या दरजेच्या वर-खाली कापाची खूण दिसते आणि ती कोणत्याही मालाने झाकत नाही. चक्राने उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक आहे, साध्या रुमालाने अडत नाही. एन९५ दर्जाचा मुखवटा आणि चष्मा सगळ्यांना द्या, खाली माल उचलणाऱ्यालाही.

कडक सिमेंट विटेच्या कडेला इतकं चिकटलेलं असेल की काढताना वीट फुटते, तर ते तिथेच राहू द्या. सुटलेलं, पोकळ वाजणारं तेवढं काढा. विटा वाचवण्यासाठी काम सुरू केलं आहे, हे विसरू नका.

उकरल्यावर वरून खाली ब्रशने झाडा, आतली भुकटी फुंकणीने काढा. मग पाणी. हा टप्पा कामगार सगळ्यात जास्त चुकवतात. कोरडी वीट मालातलं पाणी क्षणात शोषते, माल घट्ट होण्याआधीच वाळतो आणि दरज बोटाने खरवडली तरी पूड होते. आदल्या संध्याकाळी भिंत फवारून भिजवा, भरण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा. भरताना वीट ओलसर हवी पण वरून पाणी ओघळता कामा नये. मातीच्या मालाच्या भिंतीत मात्र नुसता बारीक फवारा द्या.

माल कालवताना आधी कोरडाच नीट एकजीव करा, मग पाणी थोडं थोडं घाला. यंत्रात दहा मिनिटं, मग पंधरा-वीस मिनिटं विसावा, पुन्हा पाच मिनिटं. विसाव्यानंतर माल आपोआप मऊ होतो, त्यामुळे सुरुवातीला पाणी वाढवायचा मोह टाळा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. दरजांना माल घट्टच लागतो, गिलाव्याइतका पातळ केला तर विटेवर डाग पडतात आणि वाळताना आकसतो. एनएचएलचा माल काही तास वापरता येतो, थोडा घट्ट झाला तर परत मळता येतो. दुसऱ्या दिवशी मात्र उरलेला टाकून द्या. त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालू नका. ते जुन्या चरबट चुन्याच्या मालासाठी ठीक होतं, इथे घट्ट होण्याची वेळ बिघडते. वॉटरप्रूफिंगचं दुधासारखं द्रावण तर नकोच. दरज सच्छिद्र ठेवायची म्हणून एवढा महाग चुना आणला, त्यात तेच छिद्र बुजवणारं काही घालणं शहाणपणाचं नाही. ‘थोडं सिमेंट घातलं की लवकर धरेल’ हा सल्लाही स्वीकारू नका. थोडं सिमेंट घातलेला चुना ना धड चुन्यासारखा राहतो ना सिमेंटसारखा, आणि सिमेंटचे क्षार भिंतीत जातात ते वेगळे.

भरायला दरजेहून अरुंद पट्टी घ्या. थापीच्या पाठीवर माल घेऊन, थापी दरजेखाली टेकवून पट्टीने आत ढकला आणि दाबा. प्रत्येक थर दाबला पाहिजे, नुसता भरून चालत नाही. आत पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं. खोली २५ मिलिमीटरपर्यंत असेल तर एका दमात भरता येते, त्याहून जास्त असेल तर १५–२० मिलिमीटरचे थर द्या, मागचा थर अंगठ्याने दाबून डाग पडेनासा झाला की पुढचा. आधी उभ्या दरजा, मग आडव्या. विटेच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर माल विटेच्या तोंडापर्यंत आणू नका, दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. तोंडापर्यंत भरलेला माल गोल कडेवर पापुद्र्यासारखा पातळ होतो आणि पहिल्या पावसात निघतो.

घासून गुळगुळीत करणं टाळा. थापीने घोटलं की चुन्याची साय वर येते, छिद्रं बुजतात. काही तासांनी, दरज नखाने खरवडली तर रेघ उठते पण माल नखाला चिकटत नाही अशी झाली की ताठ केसांच्या ब्रशच्या टोकाने हलकेच ठोका. आकसल्याच्या बारीक भेगा त्याने मिटतात, वाळूचे कण उघडे पडतात, दरज जुन्या दरजेसारखी दिसते. कोणत्या वेळेला ठोकायचं, हे उन्हाप्रमाणे बदलतं. लवकर ठोकलं तर माल ब्रशबरोबर येतो, उशिरा ठोकलं तर काहीच होत नाही.

मग ओलावा राखणं. चुन्याच्या कामात खरी मेहनत इथे आहे. भिंतीपुढे गोणपाट बांधा, भिंतीला चिकटू देऊ नका, सात दिवस दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा. विरवलेल्या चुन्याचा माल असेल तर पंधरा दिवस. फवारा फार जोरात असेल तर चुना धुऊन पांढरे ओघळ येतात. पार कोरडं होऊ दिलं तर घट्ट होण्याची क्रिया थांबते आणि सतत भिजतच ठेवलं तरी हवा आत पोचत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून दरज पक्की व्हायला महिने लागतात, खोल भागाला वर्षाहून जास्त. आपल्याकडे काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात धरा. एप्रिल-मेच्या दुपारी भरलेल्या दरजेला कोणताही चुना वाचवू शकत नाही. मृगाच्या तोंडावर सुरुवात केली तर पहिल्या सरीत माल वाहतो.

डोळ्यांची आणि हाताची काळजी घ्या. ओला चुना तीव्र अल्कली आहे. हात फुटतात, डोळ्यात उडाला तर दृष्टीला इजा होते. रबरी हातमोजे, चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. हाताला आधीच खोबरेल लावून ठेवणं हा जुना उपाय चांगला आहे, पण हातमोज्यांची जागा तो घेत नाही.

ही गोणी घेताना आम्हाला तीन गोष्टी खटकतात. एक म्हणजे मोठी शहरं सोडली तर मिळायला त्रास होतो, आणि आयात माल असल्याने वाटेत किती दिवस, कशा हवेत राहिला ते कळत नाही. दुसरी, भाव. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, ३.५ हाच सरसकट सुचवला जातो. मऊ, लालसर, बोटाने खरवडली तरी भुकटी देणाऱ्या हातविटेला एनएचएल २ मिळाला तर तो घ्या. न मिळाल्यास विरवलेला चुना वापरा.

त्यासाठी कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे न विरवलेले खडे, आणून घरीच विरवता येतो, पण शिस्तीने. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग चुन्याचे खडे थोडे थोडे. उलट केलं तर चुना उसळून अंगावर येतो. प्लास्टिकचं पिंप वितळतं. शांत झाल्यावर चाळून पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा. जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो. न विरलेला कण दरजेत गेला तर तो नंतर फुगून मालाचा टवका उडवतो. १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, चाळून पिठासारखी बारीक हवी. जास्त भाजलेल्या, काळपट विटांची भुकटी नुसती रंगाला असते, चुन्याशी तिची क्रिया होत नाही. किराणा-हार्डवेअरच्या दुकानातली चुन्याची फक्की ही एनएचएलची किंवा घरी विरवलेल्या चुन्याची जागा घेऊ शकत नाही. ती बहुतेक वेळा बराच काळ हवेत पडलेली असते. वापरायचीच असेल तर २४ तास पाण्यात भिजवून, सुरखी घालून, तीही आतल्या कोरड्या भिंतीला.

पॉलिमर घातलेला सिमेंटचा तयार दरज-माल नव्या, यंत्रविटांच्या भिंतीला चांगला आहे. लवकर धरतो, रंग एकसारखा येतो, पाणी मारायची कटकट कमी. जुन्या भिंतीला तो कोणत्याही भावात घेऊ नये. फरशीच्या सांध्यांत भरायचं ग्राउटही नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

कामगार किंवा ठेकेदार नेमणार असाल तर दरपत्रकातच काही गोष्टी लिहून घ्या : उकरण्याची खोली २५ मिलिमीटर, उभ्या दरजांना ग्राइंडर नाही, मालाचं प्रमाण आणि चुन्याचा प्रकार, ओलावा राखण्याचे सात दिवस दरात धरलेले, आणि सुरुवातीला एक चौरस मीटरचा नमुना. नमुना किमान तीन आठवडे वाळू द्या, कारण ओला माल गडद दिसतो आणि रंगाची तुलना वाळल्यावरच होते. दरज भरण्याआधी उकरलेली भिंत दाखवण्याची अट घाला आणि पट्टी घालून चार-पाच ठिकाणी खोली मोजून पाहा. भरल्यावर आत किती उकरलं होतं ते कोणालाही सांगता येत नाही. पैशाचा पहिला मोठा हप्ता या तपासणीनंतर द्या.